फॉलिक अम्लविरोधके : कर्कनाश व गर्भविषालुता

फॉलिक अम्ल या ब गटातील जीवनसत्त्वाशी रासायनिक संरचनेत साम्य असणाऱ्या, परंतु त्याच्या शरीरातील कार्यास विरोध करणाऱ्या संश्लेषित (कृत्रिम रीतीने तयार केलेल्या) संयुगांना ‘फॉलिक अम्लविरोधके’ म्हणतात. ॲमिनोप्टेरीन व मेथोट्रेक्झेट ही त्यांपैकी वैद्यकाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची ठरलेली दोन संयुगे होत. तीव्र ल्यूकेमिया (पांढऱ्या कोशिकांचा रक्तकर्क) झालेल्या मुलांमध्ये तात्पुरते का होईना, पण निश्चित रोगशमन घडवून आणणारे औषध प्रथम याच समूहात मिळाले. शरीरात दूरवर पसरलेले घन अर्बुद (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेली गाठ) केवळ औषधाने कायमचे बरे होऊ शकते, हेही प्रथम याच समूहामुळे सिद्ध झाले. त्याचबरोबर मानवी गर्भात विरूपता निर्माण करणारी म्हणून जी औषधे सर्वप्रथम ओळखली गेली, त्यांतही यांची गणना होते. हे दोन गुणधर्म परस्परांपासून अलग नाहीत. वेगाने विभाजन पावणाऱ्या कोशिकेचा (पेशीचा) मृत्यू हेच दोहोंचे मूळ असल्याने कर्करोगाच्या चिकित्सेचा इतिहास आणि जननविषयक विषविज्ञानाचा इतिहास येथे एकमेकांत गुंतलेले आहेत. या इतिहासाचा प्रारंभ मात्र कर्करोगाच्या कोणत्याही रुग्णालयात झालेला नसून तो मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाच्या अभ्यासात झालेला आहे.

मुंबईतील संशोधन : ल्यूसी विल्स (१८८८–१९६४) या ब्रिटिश महिला डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आल्या. केंब्रिज येथे वनस्पतिविज्ञान व भूविज्ञान यांचे अध्ययन केल्यानंतर त्यांनी लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले होते. इंडियन रिसर्च फंड ॲसोसिएशनने हाती घेतलेल्या मातामृत्यूविषयक चौकशीचा भाग म्हणून मुंबईच्या हाफकिन संस्थेत गर्भवतींच्या एका गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास त्यांच्याकडे सोपविण्यात आला. या विकारात रक्तातील तांबड्या कोशिकांची संख्या अतिशय घटत असे, मात्र उरलेल्या कोशिका नेहमीपेक्षा मोठ्या आकारमानाच्या असत. रक्ताचे चित्र मारक रक्तक्षयासारखे (ब१२ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयासारखे) दिसे. तथापि प्रसूतीनंतर काही रुग्णांत तो आपोआप बरा होई, हे मारक रक्तक्षयात घडत नाही. अनेक स्त्रिया मात्र प्रसूतीपर्यंत किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत दगावत.

विल्स यांनी मेहता व तळपदे या सहकाऱ्यांसह मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या आणि आर्थिक स्तरांच्या स्त्रियांचा आहार व राहणीमान यांची पाहणी केली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट त्यांच्यातच हा रक्तक्षय सर्वाधिक, असे तीत आढळून आले. गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण विशेष होते. त्या काळी अनेक तज्ञ अशा विकारांचे कारण जंतुसंसर्गात किंवा आतड्यातील विषात शोधत असत. विल्स यांनी ते ताटात शोधले, हे त्यांचे वेगळेपण होय. या स्त्रियांच्या आहारासारखाच आहार त्यांनी पांढऱ्या उंदरांना देऊन पाहिला. ब गटातील जीवनसत्त्वे नसलेल्या आहारात यीस्ट मिसळल्यास गर्भिणी उंदरांना रक्तक्षय होत नाही, असे दिसले. परंतु उवांमार्फत पसरणाऱ्या एका संसर्गाने या प्राण्यांना मुळातच रक्तक्षय होतो असे लक्षात आल्याने ते निष्कर्ष संशयास्पद ठरले. त्यामुळे ते प्रयोग ऱ्हीसस माकडांवर पुन्हा करावे लागले. एका माकडाची प्रकृती फारच खालावली असता त्यास ब्रिटनमध्ये पावाला लावून खाण्यात येणारा मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क देण्यात आला व त्याचा रक्तक्षय झपाट्याने सुधारला. नंतर हाच अर्क रुग्ण स्त्रियांना देण्यात आला. काही दिवसांतच नव्या तांबड्या कोशिका रक्तात दिसू लागल्या. हे निष्कर्ष जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

मारक रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या स्त्रियांना उपयोगी पडत नाही, कच्चा अर्क मात्र पडतो, असे विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये दाखविले. म्हणजेच यीस्ट व कच्च्या यकृतात त्या वेळेपर्यंत अज्ञात असलेला एखादा स्वतंत्र घटक असला पाहिजे, असे अनुमान निघाले. त्यास काही वर्षे ‘विल्स घटक’ असेच म्हणत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत टेक्सस विद्यापीठातील मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी १९४१ मध्ये सुमारे चार टन पालकापासून सूक्ष्मजंतूंच्या वाढीस आवश्यक असलेला एक पदार्थ अल्प प्रमाणात अलग केला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक अम्ल’ हे नाव दिले. विल्स घटक व फॉलिक अम्ल एकच आहेत, हे पुढे स्पष्ट झाले.

संश्लेषण व विरोधकांचा उगम : फॉलिक अम्लाचे संश्लेषण न्यूयॉर्कजवळील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञांच्या गटाने केले व ते १९४५ मध्ये जाहीर झाले. या गटाचे मार्गदर्शक येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) हे होते. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले व मद्रास येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले सुब्बाराव १९२३ मध्ये बॉस्टनला गेले. हार्व्हर्ड विद्यापीठात फिस्क यांच्यासमवेत त्यांनी फॉस्फरसाच्या मापनाची जी पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली ती जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत अनेक दशके वापरात होती. एवढे कार्य करूनही हार्व्हर्डमध्ये त्यांना कायमचे स्थान मिळाले नाही. १९४० मध्ये ते लेडर्लीत गेले. त्यांचे नाव शोधनिबंधांच्या शीर्षस्थानी क्वचितच आढळते. सहकाऱ्यांना पुढे करण्याची त्यांची वृत्ती त्यास बऱ्याच अंशी कारणीभूत होती.

फॉलिक अम्लाचा कर्करोगाशी संबंध प्रथम चुकीच्या दिशेने जोडला गेला. यीस्टपासून व किण्वनातून मिळविलेल्या काही पदार्थांमुळे उंदरांतील स्तनांची अर्बुदे नाहीशी होतात, असे न्यूयॉर्क येथील एका संशोधकगटाने प्रसिद्ध केले होते. त्यावरून बॉस्टन येथील बालरुग्णालयातील विकृतिवैज्ञानिक सिडनी फार्बर (१९०३–७३) यांनी सुब्बाराव यांच्याकडून फॉलिक अम्लाची संयुग्मे (ग्लुटामिक अम्लाचे जादा रेणू जोडलेली संयुगे) मिळवून ती कर्करोगाच्या रुग्णांना दिली. ल्यूकेमिया झालेल्या मुलांच्या अस्थिमज्जेत त्यामुळे रोगाची गती वाढल्याचे त्यांना दिसून आले. उपचार फसला, परंतु त्या अपयशातच पुढील मार्ग सापडला. जे जीवनसत्त्व दिल्याने ल्यूकेमियाच्या कोशिका वाढतात त्याचे कार्य रोखल्यास त्या मरतील, असा तर्क फार्बर यांनी केला. लेडर्ली येथील रसायनशास्त्रज्ञांनी फॉलिक अम्लाच्या रेणूत लहानसे फेरफार करून अनेक विरोधके तयार केली होती. त्यांतील सर्वांत प्रभावी म्हणजे एका हायड्रॉक्सी गटाच्या जागी ॲमिनो गट असलेले ॲमिनोप्टेरीन होय.

जून १९४८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फार्बर व त्यांचे सहकारी यांनी १६ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांमध्ये रोगशमनाची लक्षणे दिसली होती. काही आठवडे किंवा काही महिने ही मुले चालू-फिरू लागत, रक्ताचे चित्र सुधारे. नंतर रोग पुन्हा उलटे व मूल दगावे. निबंधाच्या शीर्षकातच ‘तात्पुरते’ हा शब्द होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढील काळात कर्करोगावरील औषधांची जी भडक जाहिरात झाली तिच्याशी हा संयम ताडून पाहावा. त्या वेळी तीव्र ल्यूकेमियावर कोणताही उपयुक्त उपचार नव्हता. अनेक डॉक्टर अशा मुलांना औषधे देऊन त्यांचे हाल वाढवू नयेत अशा मताचे असल्याने फार्बर यांना विरोधही बराच झाला. सुब्बाराव हे निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, निधन पावले. ॲमिनोप्टेरीनपेक्षा कमी त्रासदायक व मात्रा ठरविण्यास सोयीचे असे मेथोट्रेक्झेट हे विरोधक लवकरच उपलब्ध झाले आणि पुढील दशकात त्याने ॲमिनोप्टेरीनाची जागा घेतली.

जरायुकर्कावरील विजय : गर्भाभोवतालच्या आवरणाच्या व वारेच्या (अपरेच्या) बाह्य थरातील कोशिकांपासून निर्माण होणाऱ्या अर्बुदाला ‘जरायुकर्क’ म्हणतात. द्राक्षगर्भानंतर, गर्भपातानंतर किंवा क्वचित नेहमीच्या प्रसूतीनंतरही तो उद्‌भवतो. कर्करोगांमध्ये त्याचे स्थान विलक्षण आहे. कारण ज्या कोशिकांपासून तो बनतो त्या रुग्ण स्त्रीच्या नसून तिच्या गर्भाच्या असतात. रक्तवाहिन्यांत शिरून फुप्फुसे व मेंदू येथे तो वेगाने पसरतो. १९५० पूर्वी असा पसरलेला जरायुकर्क झालेली स्त्री बहुधा वर्षभरात मरण पावत असे, व ती बहुधा तरुण असे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रॉय हर्ट्‌झ (१९०९–२००२) हे मूळचे अंतःस्रावी ग्रंथींचे अभ्यासक. स्त्रीमदजन (स्त्रीजनन ग्रंथींचे हॉर्मोन) दिल्याने कोंबडीच्या पिलांच्या अंडवाहिनीची जी जलद वाढ होते ती फॉलिक अम्ल न मिळाल्यास होत नाही, असे त्यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखविले होते. जननमार्गातील ऊतकांना (समान कोशिकांच्या समूहांना) हे जीवनसत्त्व असाधारण प्रमाणात लागते, हा त्याचा अर्थ होता. चीनमधील शेनयांग (त्या वेळचे मुकडेन) येथे जन्मलेले मिन-च्यू ली (१९१९–८०) हे १९५५ मध्ये या संस्थेत आले. त्यापूर्वी न्यूयॉर्क येथे, मेथोट्रेक्झेट दिलेल्या कृष्णकर्काच्या (त्वचेतील रंगद्रव्य कोशिकांच्या कर्काच्या) एका रुग्णाच्या मूत्रातील जरायुजन्य जननग्रंथिपोषक हॉर्मोन घटल्याचे त्यांच्या पाहण्यात आले होते. हेच हॉर्मोन जरायुकर्काच्या कोशिका मोठ्या प्रमाणात स्रवतात. या दोन निरीक्षणांची सांगड घालून १९५६ मध्ये ली व हर्ट्‌झ यांनी फुप्फुसात रोग पसरलेल्या स्त्रियांना मेथोट्रेक्झेट मोठ्या मात्रेत दिले. क्ष-किरण चित्रांतील सावल्या विरून गेल्या व रुग्ण बऱ्या झाल्या.

या यशापेक्षाही ली यांचा पुढील निर्णय अधिक महत्त्वाचा होता. क्ष-किरण चित्र स्वच्छ झाले, रुग्णाला बरे वाटू लागले, तरी मूत्रातील हॉर्मोनाचे प्रमाण अद्याप पूर्ण खाली आलेले नसे. ते मोजण्यासाठी त्या वेळी मूत्राचा अर्क उंदरांच्या माद्यांना टोचून त्यांच्या गर्भाशयावरील परिणाम पाहावा लागे. हॉर्मोन शिल्लक आहे याचा अर्थ न दिसणाऱ्या कर्ककोशिका शिल्लक आहेत, असे मानून ली औषध देत राहिले. वरवर निरोगी दिसणाऱ्या स्त्रीला इतके विषारी औषध देणे संस्थेतील वरिष्ठांना अनाठायी वाटले आणि १९५७ मध्ये ली यांना संस्था सोडावी लागली. पुढे ज्या स्त्रियांत उपचार लवकर थांबविले होते त्यांच्यापैकी अनेकींचा रोग उलटला. हॉर्मोन नाहीसे होईपर्यंत ज्यांना औषध मिळाले त्या बऱ्या राहिल्या. १९६१ मध्ये हर्ट्‌झ, लूइस व लिप्सेट यांनी ६३ स्त्रियांवरील पाच वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ निम्म्या स्त्रिया पूर्ण रोगमुक्त झाल्याचे दिसून आले. १९७२ मध्ये कर्करोगाच्या रसायनचिकित्सेतील कार्याबद्दल लास्कर पुरस्कार ज्या संशोधकांना देण्यात आला त्यांत ली व हर्ट्‌झ या दोघांचाही समावेश होता. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कमी धोक्याच्या गटातील जवळजवळ सर्व व अधिक धोक्याच्या गटातीलही बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या होत्या.

गर्भावरील परिणाम : जरायुकर्क हा गर्भाच्या ऊतकांचा कर्क असल्याने त्याला मारणारे औषध निरोगी गर्भालाही मारील, हे उघड होते. किंबहुना हा परिणाम आधीच ज्ञात होता. थीर्श व फिलिप्स यांनी १९५० मध्ये ॲमिनोप्टेरीनाच्या अत्यल्प मात्रेने उंदरांतील गर्भ मरतात असे दाखविले होते. त्या मात्रेने गर्भिणीला मात्र फारसा अपाय होत नसे. १९५२ मध्ये थीर्श यांनी, वैद्यकीय कारणास्तव गर्भपात आवश्यक ठरलेल्या १२ स्त्रियांना हे औषध तोंडाने दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बहुतेक गर्भ मरून पडून गेले. सर्वच नव्हे. जे तत्काळ मेले नाहीत त्यांच्यापैकी काहींमध्ये जलशीर्ष (मस्तिष्कात द्रव साचून डोके मोठे होणे), खंडौष्ठ (ओठ दुभंगलेला असणे) यांसारख्या विरूपता आढळल्या. औषध गर्भपातासाठी विश्वसनीय नाही, आणि ते निष्फळ ठरल्यास परिणाम मृत्यूपेक्षाही दुःसह होतो, असा या अनुभवाचा अर्थ होता.

इशारा मिळाला, पण औषध लोकांच्या हाती पोहोचले होते. गर्भपातास कायद्याची बंदी असलेल्या देशांत काही स्त्रियांनी ते गुप्तपणे घेतले. १९५६ पासून पुढे अशा अयशस्वी प्रयत्नांनंतर जन्मलेल्या मुलांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागली. कवटीच्या हाडांची अपुरी वाढ, रुंद नाक, खाली सरकलेले कान, लहान हनुवटी, हातापायांतील दोष व खुंटलेली वाढ असा त्यांच्यातील विकृतींचा ठरावीक संच असे. त्यास ‘गर्भीय ॲमिनोप्टेरीन लक्षणसमूह’ हे नाव मिळाले. १९६८ मध्ये मेथोट्रेक्झेटामुळेही अशाच विकृती होतात, असे मिलन्स्की व सहकाऱ्यांनी वर्णन केले. अशा मुलांपैकी एकाचे वर्णन १९५९ मध्ये करणारे योसेफ वारकानी (१९०२–९२) यांनी १९४० च्या सुमारास, मातेच्या आहारात रिबोफ्लाविनाची त्रुटी असल्यास उंदरांची पिले विरूप निपजतात, असे दाखवून आधुनिक विरूपताविज्ञानाचा पाया घातला होता. तोपर्यंत जन्मजात विकृती म्हणजे आनुवंशिक दोष असेच बहुतेक वैद्य समजत. कॅलिफोर्नियातील नेल्सन, ॲसलिंग व एव्हान्स यांनी १९५२ मध्ये फॉलिक अम्लरहित आहार व विरोधक यांच्या साहाय्याने उंदरांत अनेक अवयवांच्या विकृती निर्माण केल्या. गर्भावस्थेतील योग्य दिवशी दोन-तीन दिवसांपुरती त्रुटीदेखील पुरेशी होते व दिवस बदलला की विकृत होणारा अवयव बदलतो, असे पुढील प्रयोगांतून दिसून आले.

हे सर्व पुरावे १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत उपलब्ध होते. तरीही नव्या औषधांची गर्भावरील परीक्षा सक्तीची करण्याचा विचार कोणत्याही देशाने गांभीर्याने केला नाही. ॲमिनोप्टेरीन हे कर्करोगावरील उघड विष आहे, तेव्हा त्याने गर्भाला इजा होणारच. निरुपद्रवी औषधांना हा नियम लागू नाही, असे समजण्यात आले. वार ही गर्भाचे विषांपासून रक्षण करणारी भिंत आहे ही समजूतही दृढ होती. याची किंमत थॅलिडोमाइडाने वसूल केली. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले हे सौम्य मानले गेलेले शामक नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेण्यात आले, तोपर्यंत हजारो मुले हातापायांच्या विकृती घेऊन जन्मास आली होती. त्यानंतर १९६६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रजननक्षमता, गर्भाच्या अवयवांची घडण आणि प्रसूतीच्या आसपासचा व स्तनपानाचा काळ अशा तीन टप्प्यांत प्राण्यांवर चाचण्या घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवून दिली.

कोशिकामृत्यूचे स्वरूप : फॉलिक अम्लापासून शरीरात टेट्राहायड्रोफॉलिक अम्ल तयार होते आणि ते एक कार्बन अणू असलेले गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेण्याचे काम करते. डीएनएचा थायमीन हा घटक व प्यूरिने यांच्या निर्मितीस ते आवश्यक असते. हे रूपांतर घडविणाऱ्या डायहायड्रोफॉलेट रिडक्टेज या एंझाइमाला (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनाला) मेथोट्रेक्झेट नैसर्गिक द्रव्याच्या हजारो पट घट्टपणे चिकटते, असे १९५८ च्या सुमारास कळून आले. त्यामुळे कोशिकेला थायमीन मिळेनासे होते. थायमीन न मिळालेले जंतू नुसते वाढावयाचे थांबत नाहीत तर मरतात, हे कोहेन व बार्नर यांनी १९५४ मध्ये दाखविले होते. थायमिनाच्या जागी युरॅसील डीएनएत शिरते, ते काढून टाकण्याचा प्रयत्न कोशिका पुनःपुन्हा करते आणि अखेर डीएनएचे धागेच तुटतात. विश्रांत कोशिकेला डीएनए बनवावयाचे नसल्याने तिला फारसा अपाय होत नाही. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, ल्यूकेमिया, जरायुकर्क आणि गर्भ ही त्यामुळेच या औषधाची समान लक्ष्ये होत. सुरक्षित मात्रेच्या पलीकडे औषध देऊन नंतर निरोगी कोशिकांना फॉलिनिक अम्लाने वाचविण्याची युक्ती याच ज्ञानावर आधारलेली आहे.

इजा झालेली कोशिका मरते कशी, हा प्रश्न मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. ऑस्ट्रेलियातील विकृतिवैज्ञानिक केर यांनी ॲबर्डीन येथील वायली व करी यांच्यासमवेत १९७२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. इजेमुळे फुगून फुटणाऱ्या कोशिकेहून वेगळा असा एक मृत्यू असतो. त्यात कोशिका आक्रसते, तिचे आवरणयुक्त तुकडे पडतात व शेजारच्या कोशिका ते दाह न होऊ देता गिळून टाकतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. झाडाची पाने गळणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी यास ‘ॲपॉप्टोसिस’ म्हटले. हा प्रकार अर्बुदांत जसा दिसतो तसाच तो वाढत्या गर्भातही नित्य दिसतो, हे त्यांनी त्याच निबंधात नमूद केले आहे. हाताच्या पंजात बोटे सुटी होतात ती मधल्या कोशिका अशा मरतात म्हणूनच. फॉलिक अम्लविरोधकांसह बहुतेक कर्कनाशक औषधे कोशिकेच्या या अंगभूत आत्मनाशाच्या यंत्रणेस चालना देतात, हे १९९० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. पी५३ हे प्रथिन डीएनएची इजा ओळखून ही चालना देते. ज्या कर्कांत ते बिघडलेले असते त्यांवर औषधे पुष्कळदा निष्प्रभ ठरतात.

गर्भाच्या बाबतीत या शोधाने एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आणली. ज्यांच्यात पी५३ नाही अशा उंदरांच्या गर्भांना किरणोत्सर्गाची इजा केली असता गर्भमृत्यू कमी होतात, पण विरूप पिलांचे प्रमाण कितीतरी वाढते, असे जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये दाखविले. म्हणजे इजा झालेल्या कोशिका वेळीच मरणे, व इजा फार झाल्यास संपूर्ण गर्भच नष्ट होणे, हा विरूपता टाळण्याचा निसर्गाचा मार्ग असतो. मरणाऱ्या कोशिकांची जागा इतर कोशिका भरून काढू शकतील एवढीच हानी झाली, तर गर्भ सावरतो. त्याहून थोडी अधिक झाली तर विरूप होतो. थीर्श यांच्या रुग्णांत काही गर्भ मेले व काही विरूप झाले, त्याचे स्पष्टीकरण मात्रा, गर्भाचे वय व ही मर्यादा यांत सापडते. गर्भधारणेनंतरचा सहावा ते आठवा आठवडा मेथोट्रेक्झेटाच्या दृष्टीने विशेष धोक्याचा असतो व आठवड्यास १० मिग्रॅ. पेक्षा अधिक मात्रेने विरूपता संभवते, असे फेल्डकँप व केरी यांनी १९९३ मध्ये त्या वेळेपर्यंतच्या प्रकरणांवरून अनुमान काढले. तथापि यापेक्षा कमी मात्रा गर्भवतीस सुरक्षित आहे, असे त्यावरून कोणीही मानीत नाही.

जननक्षमतेवरील परिणाम : औषध घेतलेल्या स्त्रीला पुढे निरोगी अपत्य होईल काय, हा प्रश्न जरायुकर्कातून बऱ्या झालेल्या तरुण स्त्रियांनी स्वाभाविकपणेच विचारला. व्हॅन थील, रॉस व लिप्सेट यांनी १९७० मध्ये अशा स्त्रियांच्या नंतरच्या गर्भारपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मुलांत विकृतींचे प्रमाण वाढलेले नव्हते. अंडकोशातील राखीव अंडकोशिका विभाजनाच्या मध्येच थांबून वर्षानुवर्षे विश्रांत असतात व डीएनए बनवीत नाहीत, त्यामुळे त्या वाचतात. सायक्लोफॉस्फामाइडासारखी अल्किलीकारक औषधे मात्र विश्रांत कोशिकेच्या डीएनएलाही जखडतात, म्हणून त्यांच्यामुळे ऋतुनिवृत्ती अकाली येऊ शकते. पुरुषांत शुक्राणुजनन अखंड चालू असल्याने मेथोट्रेक्झेटाच्या मोठ्या मात्रेने शुक्राणूंची संख्या काही काळ घटते. पित्याने अल्प मात्रेत औषध घेतल्यामुळे अपत्यात विकृतींचा धोका वाढल्याचे २०१० नंतर झालेल्या पाहण्यांत आढळलेले नाही.

गर्भाला मारण्याचा जो गुण १९५२ मध्ये भयावह ठरला होता त्याचा उपयोग तीस वर्षांनी स्त्रियांचे प्राण वाचविण्यासाठी होऊ लागला. गर्भाशयाबाहेर, बहुधा अंडवाहिनीत, रुजलेला गर्भ वाढून नलिका फुटल्यास प्राणघातक रक्तस्राव होतो. १९८२ मध्ये जपानमधील तानाका व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेऐवजी मेथोट्रेक्झेट देऊन अशी गर्भधारणा संपुष्टात आणली. योग्य निवड केलेल्या रुग्णांत ही पद्धत आता सर्वत्र रूढ आहे. सोरियासिस व संधिवाताभ संधिशोथ या दीर्घकालीन विकारांवर मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत देण्यात येते. कर्करोगाच्या रुग्णांपेक्षा या रुग्णांची संख्या कितीतरी अधिक असल्याने आणि त्यांत तरुण स्त्रियाही असल्याने गर्भविषालुतेचा प्रश्न आज मुख्यतः त्यांच्या बाबतीत उद्‌भवतो. उपचार चालू असताना परिणामकारक संततिनियमन करणे व गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आधीच बंद करणे आवश्यक असते. आठवड्याची मात्रा चुकून रोज घेतल्याने अस्थिमज्जेचा नाश होऊन मृत्यू ओढवल्याचीही उदाहरणे आहेत. मुलांच्या ल्यूकेमियात मात्र मेथोट्रेक्झेटाचे स्थान कायम आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या एमसीपी ८४१ या उपचारपद्धतीत ते मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात टोचण्यात येत असे.

जीवनसत्त्वाकडे पुनरागमन : विरोधकाने विकृती होत असतील तर जीवनसत्त्वाच्या नैसर्गिक त्रुटीनेही त्या होत असाव्यात, असा तर्क लिव्हरपूल येथील हिबर्ड व स्मिथेल्स यांनी १९६५ मध्ये मांडला. तंत्रिका नलिका (ज्यापासून मेंदू व मेरुरज्जू बनतात ती गर्भातील नळी) गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती नीट न मिटल्यास मूल मस्तिष्काविना जन्मते किंवा त्याचा कणा मागील बाजूस उघडा राहतो. अशा मुलांच्या मातांत फॉलिक अम्लाचे चयापचय बिघडलेले दिसते, असे त्यांचे निरीक्षण होते. स्मिथेल्स यांच्या पुढील चाचण्यांत जीवनसत्त्वे दिलेल्या स्त्रियांत विकृतींची पुनरावृत्ती कमी आढळली; परंतु तुलनेचा गट यदृच्छया निवडलेला नसल्याने त्यांवर आक्षेप घेण्यात आले. अखेर ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत, पूर्वी असे मूल झालेल्या १,८१७ स्त्रियांवर चाचणी घेतली. काही स्त्रियांना मुद्दाम फॉलिक अम्ल न देणे कितपत न्याय्य, यावर बराच वाद झाला. रोज ४ मिग्रॅ. फॉलिक अम्लाने धोका ७२ टक्क्यांनी घटतो असे दिसून येताच १९९१ मध्ये चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. पुढील वर्षी हंगेरीतील चाइझेल व डुडाश यांनी, पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही अशा पूरक आहाराचा लाभ होतो, असे दाखविले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९८ पासून धान्याच्या पिठांत फॉलिक अम्ल मिसळणे बंधनकारक झाले.

भारतात गर्भवतींना लोह व फॉलिक अम्ल यांच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. त्याचा हेतू विल्स यांनी मुंबईत अभ्यासलेला रक्तक्षय टाळण्याचा होता, व तो त्यासाठी उपयुक्तही आहे. मात्र गर्भवतीची नोंद होऊन तिच्या हाती गोळ्या पडतात तोपर्यंत तंत्रिका नलिका मिटण्याचा काळ बहुधा उलटून गेलेला असतो. त्यामुळे विरूपता टाळण्यासाठी फॉलिक अम्ल गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून घ्यावे लागते.